मापे, वजने आणि देवाचा क्रोध

बायबल हा ख्रिस्ती धर्मग्रंथ वरवर चाळणाऱ्या वाचकाच्या मनात एक ढोबळ विभागणी पक्की बसलेली असते. जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचे, यहुदी परंपरेतून आलेले ग्रंथ, हा कोपिष्ट देवाचा. आणि नवा करार, म्हणजे येशूचे चरित्र व त्याच्या पहिल्या अनुयायांची पत्रे, हा प्रेमळ देवाचा, अशी ही समजूत आहे. ती आजची नाही. काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोपे या बंदरातून रोमला आलेल्या मार्सियोन या जहाजमालकाने दुसऱ्या शतकात ती थेट सिद्धान्त म्हणून मांडली. जग निर्माण करणारा न्यायी आणि रागीट देव वेगळा व येशूचा दयाळू पिता वेगळा, असे त्याचे म्हणणे होते. जुना करार त्याने संपूर्ण नाकारला आणि नव्यातून लूकचे शुभवर्तमान व पौल या आरंभीच्या प्रचारकाची दहा पत्रे एवढेच, तेही काटछाट करून, आपल्या अनुयायांच्या हाती ठेवले. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले, आणि ज्या ग्रंथांत देव संतापतो ते सारे ग्रंथ ख्रिस्ती परंपरेने जाणूनबुजून स्वतःजवळ ठेवले.

या निर्णयामागे केवळ जुन्याचा आदर नव्हता. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या लॅटिन लेखकाने देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात, देवाला कोणतेही विकार शिवत नाहीत असे मानणाऱ्या तत्त्ववेत्त्यांना त्याने उत्तर दिले, ते असे की ज्याला दुष्टपणाची चीड येत नाही त्याला चांगुलपणाचे प्रेमही असू शकत नाही, कारण दोन्ही भावना एकाच मुळातून येतात. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण देवाच्या क्रोधाची खरी पारख तत्त्वचर्चेत होत नाही. देव रागावतो एवढे म्हणून भागत नाही. तो कोणावर रागावतो, कशासाठी रागावतो आणि त्याचा राग कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष ग्रंथाकडे जावे लागते.

प्राचीन पश्चिम आशियात देवाचा कोप ही कल्पना सर्वत्र रूढ होती. इ. स. १८६८ मध्ये मृत समुद्राच्या पूर्वेस धीबान येथे सापडलेला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख याची उत्तम साक्ष देतो. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हा राजा सांगतो की इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ छळले, कारण मवाबचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता. पुढे तो प्रसन्न झाला आणि मवाब मुक्त झाला. भाषा आणि विचार दोन्ही जुन्या करारातल्या इतिहासग्रंथांच्या अगदी जवळचे आहेत. मात्र कमोश का रागावला हे शिलालेखात कोठेही येत नाही. संकट आले त्या अर्थी देव रागावला असणार, आणि जय मिळाला त्या अर्थी राग शांत झाला असणार, एवढाच तो हिशेब आहे. इस्राएलच्या संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या वक्त्यांनी, या रूढ कल्पनेत जी भर घातली ती कारणाची, आणि ते कारण त्यांनी मंदिरातल्या उपचारांपेक्षा बाजारात आणि न्यायसभेत शोधले.

या संदेष्ट्यांपैकी ज्याचे बोल ग्रंथरूपाने टिकले असा बहुधा सर्वांत जुना म्हणजे आमोस. तो यरुशलेमच्या दक्षिणेस, रुक्ष डोंगराळ मुलुखातल्या तकोवा गावचा. मेंढरे पाळणारा आणि उंबरांच्या फळांची निगा राखणारा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या मध्याला तो आपला यहूदा देश सोडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलला. तेथे दुसरा यराबाम राज्य करीत होता आणि राज्य भरभराटीत होते. राजधानी शोमरोन येथील उत्खननात निघालेले खापरांवरचे लेख जुन्या द्राक्षमद्याची आणि उत्तम तेलाची आवक नोंदवतात, तर इ. स. १९३० च्या दशकात त्याच टेकडीवर हस्तिदंती कोरीव कामाचे शेकडो तुकडे हाती आले. आमोसाच्या ग्रंथात हस्तिदंती पलंगांवर लोळणारे आणि उंची तेल अंगाला लावणारे श्रीमंत भेटतात, ते काही नुसत्या अलंकारिक भाषेतले नव्हते.

आमोसाच्या भाषणाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तो आरंभी शेजारच्या राष्ट्रांवर येऊ घातलेला देवाचा न्याय सांगतो. दिमिष्काने गिलाद प्रांत लोखंडी मळणीयंत्राखाली तुडवावा तसा तुडवला. गज्जाने गावेच्या गावे पकडून गुलाम म्हणून विकली. अम्मोनने सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांची पोटे फाडली. बेथेलच्या श्रोत्यांना हे ऐकताना बरेच वाटत असणार, कारण ही सारी शत्रूंची पापे होती. त्यातच मवाबचा अपराध येतो, आणि तो वेगळा आहे: मवाबने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. या प्रकरणात इस्राएलचे काहीच गेलेले नाही. एका परक्या राष्ट्राने दुसऱ्या परक्या राष्ट्रातल्या मृताची विटंबना केली, आणि तरीही इस्राएलचा देव संतापतो. राष्ट्रदेवतेचा कोप आणि न्यायी देवाचा क्रोध यांच्यातले अंतर या एका उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके पानेच्या पाने विवेचन करूनही दाखवता येणार नाही.

मग यहूदाचा उल्लेख होतो आणि अखेरीस वक्ता खुद्द इस्राएलकडे वळतो. येथे ना युद्ध आहे ना कत्तल. आहे तो रोजचा व्यवहार. निरपराध माणसाला पैशासाठी आणि गरिबाला जोडाभर वहाणांच्या मोलाने विकले जाते. कर्जापोटी गहाण घेतलेल्या वस्त्रांवर लोक वेदीपाशी, देवाच्या समोरच, पसरतात. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते, असा नियम निर्गम या ग्रंथात आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे या आरोपाची धार कळते. व्यापाऱ्यांविषयीचा भाग आणखी नेमका आहे. नवचंद्राचा सण आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कधी एकदा संपतो आणि धान्याची कोठारे कधी उघडतो, असे त्यांना झालेले असते. एफा हे धान्याचे माप ते लहान ठेवतात आणि शेकेल हे वजन जड ठेवतात. त्या काळी तेथे नाणी चालू झालेली नव्हती. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे आणी आणि ते तागडीत दगडी वजनाने तोलले जात. त्यामुळे माप लहान केले की धान्य कमी जाई, वजन जड केले की चांदी जास्त येई, आणि तागडीही खोटी असल्याने गरीब माणूस एकाच सौद्यात तीनदा नागवला जाई. त्याशिवाय गव्हाच्या नावाखाली भूस विकला जाई, तो निराळाच. यातले एकही कृत्य विसरणार नाही अशी शपथ देव वाहतो, असे आमोस सांगतो. विश्वनिर्मात्याने धान्याच्या मापाची दखल घ्यावी, ही कल्पनाच मुळात थक्क करणारी आहे.

निवडलेली प्रजा म्हणून आपल्याला सूट मिळेल, हा इस्राएलचा भरवसा आमोस उलटा करतो: तुमच्याशी विशेष नाते आहे म्हणूनच तुमचा हिशेब विशेष कडक. मिसरातून इस्राएल बाहेर काढला तसाच पलिष्ट्यांना कफतोरमधून आणि अराम्यांना कीर येथून आपणच आणले, असेही देव त्याच्या तोंडून सांगतो. अन्याय चालू असताना होणारे यज्ञ, सण आणि भजने देवाला नकोशी झाली आहेत. त्याला हवा आहे तो न्यायाचा अखंड वाहता प्रवाह. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील भाषणात याच प्रतिमेचा आधार घेतला, तेव्हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने देवाचा हा क्रोध भीतीपेक्षा आशेचा विषय होता. जो नागवला जातो त्याला देव शांत बसून पाहत नाही हे कळणे, हाच मुळी दिलासा असतो.

बेथेलचा पुरोहित अमस्या याने आमोसाविरुद्ध राजाकडे कागाळी केली आणि त्याला देशाबाहेर जायला फर्मावले. काही दशकांतच अश्शूरच्या फौजांनी शोमरोन घेतले. इ. स. पू. ७२२ च्या सुमाराच्या या घटनेनंतर सत्तावीस हजारांहून अधिक लोक हद्दपार केल्याचे अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन आपल्या लेखांत सांगतो. संदेष्ट्यांच्या शिष्यांनी या विनाशात देवाचा न्याय पाहिला. परंतु त्यात गरीबही भरडले गेले असणार, हा प्रश्न वाचकाला टोचतो, आणि बायबललाही तो टोचलेला दिसतो.

म्हणूनच क्रोधाला आवर घालण्याची विनवणी हाही या ग्रंथाचा तितकाच जुना धागा आहे. आमोसाला आधी टोळधाडीचे व मग अग्नीचे दर्शन घडते, तेव्हा हे राष्ट्र किती लहान आहे, ते कसे तग धरेल, असे तो कळवळून म्हणतो आणि दोन्ही वेळा देव संकट मागे घेतो. तिसऱ्या दर्शनात हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा असलेला देव दिसतो, आणि भिंत तिरपी असल्याचे उघड झाल्यावर संदेष्ट्यालाही बोलायला जागा उरत नाही. सदोम नगरासाठी अब्राहाम पन्नास नीतिमान माणसांपासून घासाघीस करीत दहांपर्यंत येतो. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू घडवून पुजले, त्या प्रसंगानंतर त्यांचा नेता मोशे देवासमोर ठाण मांडून लोकांचा बचाव करतो, आणि त्यानंतरच्या प्रसंगात देव स्वतःची ओळख दयाळू, कृपाळू, मंदक्रोध अशी करून देतो. तेथेच तो दोषीला निर्दोष ठरवीत नाही हेही सांगितलेले आहे. हे सूत्र जुन्या करारात पुनःपुन्हा येते, आणि योना संदेष्टा तर ते तक्रार म्हणून उच्चारतो. ज्या अश्शूरने इस्राएलला पायदळी तुडवले त्याची राजधानी निनवे पश्चात्ताप करते, देव तिला सोडून देतो, आणि योना संतापतो. एक लाख वीस हजारांवर माणसे आणि कितीतरी गुरेढोरे असलेल्या शहराची आपल्याला कीव येऊ नये काय, असा प्रश्न देव त्याला करतो आणि ग्रंथ त्या प्रश्नावरच थांबतो. त्याच संग्रहात नहूमाचा ग्रंथही आहे, आणि तो निनवेच्या नाशाचा जल्लोष करतो. संपादकांनी दोन्ही ठेवले, कारण छळ सोसलेल्यांचा आक्रोश आणि छळणाऱ्यावरही होऊ शकणारी दया, यांपैकी एकही त्यांना खोडता आले नाही.

सर्वांत अवघड पाने मात्र यहोशवाच्या ग्रंथाची आहेत. इस्राएलने कनान देश जिंकताना तेथील नगरांतली सारी माणसे, बायकामुलांसह, देवाला वाहून नष्ट करण्याची आज्ञा तेथे येते. मेशाच्या शिलालेखात हीच प्रथा आणि तिच्यासाठी हाच शब्द इस्राएलविरुद्ध वापरलेला आढळतो. यरीहो येथे इ. स. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी केलेल्या उत्खननात, विजयाचा जो काळ मानला जातो त्या काळच्या तटबंदीचा पुरावा मिळाला नाही. आय या दुसऱ्या नगराची जागा तेव्हा ओसाडच होती. म्हणून या कथा बऱ्याच काळानंतर, घडलेल्या इतिहासापेक्षा निष्ठेचा आदर्श म्हणून लिहिल्या गेल्या, असे अनेक अभ्यासक मानतात. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या भाष्यकाराने त्यांचा अर्थ माणसाच्या अंतरंगातील दुर्गुणांशी होणारे युद्ध असा लावला. या उत्तरांनी कोडे संपूर्ण सुटत नाही. पुढे वसाहतवाद्यांनी या पानांचा आधार घेऊन स्थानिक लोकांची कत्तल समर्थनीय ठरवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी बायबलला बायबलनेच तपासावे लागते: ज्या आमोसाच्या देवाला परक्या राजाच्या अस्थींचीही विटंबना सहन होत नाही, त्याच्या उजेडात यहोशवाचे वाचन करणे ख्रिस्ती वाचकाला भाग आहे.

नव्या करारात क्रोध नाहीसा होतो, हा मार्सियोनचा समज ग्रंथाच्या कसोटीला उतरत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस बसलेला असतो आणि येशू त्याला बरे करून नियम मोडतो का, यावर काही जण डोळा ठेवून असतात. या दिवशी बरे करणे योग्य की वाईट करणे, जीव वाचवणे की घेणे, असे येशू विचारतो. कोणीही तोंड उघडत नाही. तेव्हा तो त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे खिन्न होतो. मत्तय आणि लूक यांनी हाच प्रसंग सांगताना रागाचा उल्लेख गाळला आहे. मार्कने तो ठेवला आणि लगोलग खेदही नोंदवला, ही त्याची सूक्ष्म जाण होय. समोर दुःखी माणूस असताना नियमांच्या आड लपणारे मौन पाहून आलेला हा राग आहे, आणि त्याचा परिणाम म्हणजे एक हात बरा होतो. याउलट, आसरा नाकारणाऱ्या शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडू का, असे शिष्य विचारतात तेव्हा येशू त्यांनाच धमकावतो.

संकट म्हणजे देवाचा कोप, हे मेशाचे गणितही येशू मोडतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती काय यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती, असा प्रश्न करून तो ठाम नकार देतो. हीच झुंज जुन्या करारात ईयोबाने दिली होती. दुःख आले त्या अर्थी तू पापी, असे सुनावणाऱ्या मित्रांवरच देव अखेरीस रागावतो. भूकंप, महापूर किंवा साथ आली की दैवी शिक्षेची भाषा बोलणाऱ्यांनी हे दोन्ही उतारे नजरेसमोर ठेवलेले बरे.

तरीही येशूच्या दृष्टान्तांत न्याय सौम्य झालेला नाही. एका राजाचा चाकर दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करून घेतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो, आणि मग राजा संतापतो. कर्ज बुडाले तेव्हा राजाला दया आली होती. मिळालेली दया पुढे गेली नाही, तेव्हा राग आला. क्षमाशील देव आणि क्रुद्ध देव हे दोन निराळे देव नाहीत हे मत्तयाने येथे एकाच गोष्टीत दाखवून दिले आहे.

पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात क्रोधाचे आणखी एक रूप येते. माणसांनी सत्य दडपले तेव्हा देवाने त्यांना त्यांच्याच वासनांच्या स्वाधीन केले, असे तो तीन वेळा म्हणतो. येथे वीज कोसळत नाही, आगही पडत नाही. निवडलेल्या वाटेने जाऊ देणे हीच शिक्षा होते. यावरून सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने इ. स. १९३२ च्या भाष्यात असे मांडले की पौलाच्या लेखी क्रोध म्हणजे देवाची भावना नसून पापाच्या पोटी आपोआप येणारे फळ आहे. हे मत आकर्षक आहे, पण अपुरे वाटते, कारण ज्या देवाला अन्यायाने काहीच होत नाही त्याची दयाही एखाद्या यंत्राच्या फिरण्यासारखी होऊन बसेल. यहुदी विचारवंत अब्राहम हेशेल यांनी इ. स. १९६२ मध्ये संदेष्ट्यांवरील ग्रंथात नेमका हा मुद्दा उचलला: माणसांच्या व्यवहाराने देव व्यथित होतो, आणि त्याचा क्रोध हा त्या आस्थेचाच एक प्रकार आहे. पौल स्वतः त्यातून व्यवहाराचा धडा काढतो. सूड देवावर सोडावा आणि वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे, असे तो लिहितो. शेवटचा न्याय देवाच्या हाती असल्यामुळे माणसाचा हात शस्त्रावरून सुटतो.

येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचा अर्थ लावताना मात्र क्रोधाच्या कल्पनेने ख्रिस्ती मंडळीत मोठा वाद निर्माण केला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने पापाला देवाच्या सन्मानाचे थकलेले देणे मानले आणि ख्रिस्ताने ते फेडले असे म्हटले. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विनप्रभृती सुधारकांनी त्याला न्यायालयीन शिक्षेचे रूप दिले. यातूनच, संतप्त पित्याला शांत करण्यासाठी निरपराध पुत्राचा बळी गेला, अशी विपरीत समजूत पसरली. पौलाच्या लिखाणाला ती धरून नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात समेट घडवून आणणारा देव स्वतःच ख्रिस्ताच्या ठायी आहे; राग शांत करणारा एक आणि राग धरणारा दुसरा, अशी वाटणी तेथे नाही.

हे ग्रंथ मुळातून पडताळून पाहणे मराठी वाचकाला सहज शक्य आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरपर्यंत हिब्रू व ग्रीक मुळावरून केलेले भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' यांतून आमोस आणि रोमकरांस पत्र शेजारी ठेवून वाचले, तर मार्सियोनची विभागणी किती वरवरची होती हे लक्षात येते.

बायबलचा अखेरचा ग्रंथ प्रकटीकरण हा पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, पात्म बेटावरील योहान नावाच्या द्रष्ट्याने रोमी साम्राज्याच्या दडपणाखालील मंडळ्यांसाठी लिहिला. त्यात बाबेल या नावाआड रोमचा न्याय होतो, आणि तो होताना नगरीच्या आयातीची लांबलचक यादी दिलेली आहे: सोने, मोती, जांभळी वस्त्रे, हस्तिदंती पात्रे, दालचिनी, द्राक्षमद्य, गहू, मेंढरे, घोडे, रथ. त्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोच, सोपारे आणि कल्याण यांची नावे येतात, तेव्हा रोमच्या या चैनीच्या व्यापाराचे एक टोक आपल्या किनाऱ्यालाही टेकलेले होते. यादीच्या अगदी शेवटी, जनावरांनंतर आणि रथांनंतर, विक्रीला काढलेली माणसे येतात. नगरी कोसळल्यावर रडतात ते राजे, व्यापारी आणि नावाडी. व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घेणारे आता कोणी उरलेले नाही. विश्वासणाऱ्यांना कोणी तलवार उचलायला सांगत नाही. त्या नगरीच्या पापात वाटेकरी होऊ नका, तिच्यातून बाहेर पडा, एवढीच हाक आहे. मात्र रोमकडे वळण्याच्या कितीतरी आधी, ग्रंथाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत, योहान आपल्याच सात मंडळ्यांची झडती घेतो. गरिबीने गांजलेल्या स्मुर्णेला तेथे दोषाचा एकही शब्द ऐकावा लागत नाही. सर्वांत कठोर बोल वाट्याला येतात ते लावदिकीयाच्या, कापडाच्या उद्योगाने आणि पेढ्यांनी संपन्न झालेल्या, भूकंपानंतर सम्राटाची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभ्या राहिलेल्या आणि आता आपल्याला कशाचीच उणीव नाही असे समजणाऱ्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीच्या.